आधी चित्रातली नदी, मग खरी

ताई, नमस्कार.

आम्ही सांगलीचे. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले, हे पाटबंधारे खात्यातून. मुलगा-सून नेदरलँड्सला असतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ते आम्हाला तीन दिवस पॅरिसला पाठवतायत. त्यांना सुट्टी नाही, म्हणून आम्ही दोघंच. मुलगा कॉम्बो तिकीट काढतोय. सकाळी अकराला ओर्से संग्रहालय आणि नंतर सेन नदीतली तासाभराची बोट. गाइड नाही, आपलं आपण बघायचं. सूनबाई म्हणतात, एवढं जाताय तर त्याच दिवशी लूव्रही उरका, मोनालिसा बघितल्याशिवाय परत कसं येणार?

माझी अडचण अशी, की मला चित्रं बघायला आवडतात पण त्यातलं कळत काही नाही. ह्यांना तर मुळीच आवडत नाहीत. मुंबईला एकदा संग्रहालयात नेलं होतं, तर अर्ध्या तासात बाहेर पायरीवर जाऊन बसले. शिवाय ह्यांचा उजवा गुडघा दुखतो. बोटीला मात्र एका पायावर तयार आहेत. आधी काय करू, बोट की चित्रं? का ह्यांना नदीकाठी बसवून मी एकटीच आत जाऊ?

– एक वाचक, सांगली

---

नमस्कार.

ह्यांना नदीकाठी बसवू नका. आत न्या, कारण त्या संग्रहालयात त्यांच्या खात्याचं एक चित्र आहे.

सिसली नावाचा चित्रकार होता. आई-बाप इंग्रज, जन्म पॅरिसचा, आयुष्यभर पैशाची ओढाताण. १८७६ साली सेनला पूर आला तेव्हा तो पॅरिसच्या खालच्या अंगाला पोर-मार्ली नावाच्या गावाजवळ राहत होता. पाण्यात उभ्या असलेल्या त्या गावाची चित्रं त्याने काढली. त्यातली दोन ओर्सेमध्ये आहेत. एकात डावीकडे दारूविक्रेत्याचं घर आहे, दुकानावर पाटी आहे आणि उंबऱ्यापर्यंत पाणी. रस्ता कुठून जात होता ते फक्त झाडांच्या आणि खांबांच्या ओळीवरून ओळखायचं. एकदोन होड्या, चारदोन माणसं, आणि वर जवळजवळ अर्ध्या चित्रभर ढगाळलेलं आभाळ. कोणी ओरडत नाही, कोणी वाहून जात नाही. पाणी येऊन बसलंय आणि माणसं आपापल्या कामाला लागलीत. सांगलीच्या माणसाला हे समजावून द्यायला ऑडिओ गाइड लागत नाही. तुम्ही फक्त एवढंच करा, ह्यांना त्या चित्रासमोर उभं करा आणि विचारा, "अहो, हे पाणी चढतंय की उतरतंय?" मग दहा मिनिटं तुम्हाला बोलायची गरज पडणार नाही.

(सिसली १८९९ साली गेला. वर्षभराने हेच चित्र लिलावात ४३,००० फ्रँकला गेलं. हे त्यांना चित्र बघून झाल्यावर सांगा. आधी सांगितलंत तर ते किमतीकडेच बघत बसतील.)

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. चित्रं आधी, बोट नंतर, आणि लूव्र त्या दिवशी मुळीच नाही.

हे मी शहाणपणातून सांगत नाही, स्वतः माती खाऊन सांगतेय. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सकाळी एक मोठं संग्रहालय, दुपारी दुसरं आणि संध्याकाळी बोट असा बेत होता. दुपारी चारपर्यंत चित्रं डोळ्यांसमोरून एसटीच्या खिडकीतल्या झाडांसारखी जायला लागली. बोटीत बसले, वारा लागला आणि डोळा मिटला. नोत्र दामचं चर्च गेलं, सगळे पूल गेले, मी नवऱ्याच्या खांद्यावर. त्याने उठवलं नाही. "तू दमली होतीस" म्हणाला. ते मी अजून माफ केलेलं नाही.

बोट आधी घेतली तर काय होतं, तेही सांगते. वारा, ऊन, टॉवर, फोटो, मजा. त्या मजेतून उठून बंद दालनात शिरायचं म्हणजे जेवण झाल्यावर कोणी अभ्यासाला बसवावं तसं. ह्यांच्यासारखा माणूस तर मग पायरीवरच जाऊन बसणार. उलट आधी दोन तास चित्रं बघितली, त्यातही पाण्याची बघितली, की बोटीत बसल्यावर पाण्याकडे बघायची नजर बदललेली असते. कॉम्बो तिकीट विकणाऱ्याच्या मनात हे नसतं. त्याला दोन वस्तू एका पिशवीत घालायच्या असतात. पण ओर्से आणि सेन ही जोडी खरोखर जमणारी आहे, कारण आत भिंतीवर जी नदी आहे, तीच बाहेर शंभर पावलांवर वाहते.

लूव्र दुसऱ्या दिवशी ठेवा. ते मंगळवारी बंद असतं आणि ओर्से सोमवारी, एवढं मुलाला सांगून ठेवा. मोनालिसाबद्दल सूनबाईंचं चुकत नाही. परत आल्यावर गल्लीत पहिला प्रश्न तोच येणार. पण चित्र आहे ७७ सेंटीमीटर उंच आणि ५३ रुंद, काचेआड, समोर दोनशे मोबाइल वर धरलेले. त्या गर्दीत उभं राहायला ताजे पाय हवेत. आणि जाल तेव्हा तिच्याकडे पाठ करून समोरच्या भिंतीवरचं लग्नाच्या जेवणाचं चित्रही बघा. जवळजवळ दहा मीटर रुंद आहे आणि त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

तर वार गुरुवार ठरवा. ओर्से एरवी संध्याकाळी सहाला बंद होतं, गुरुवारी पावणेदहापर्यंत उघडं असतं. मुलाला म्हणावं, अकराची वेळ नको, दुपारी चारची बघ. सकाळी आरामात उठा, गुडघ्याला शेक द्या, दुपारी पोटभर जेवा. चारला आत गेलात की साडेसहापर्यंत निवांत वेळ, आणि सहा वाजता मागून कोणी हाकलत नाही. संध्याकाळी गर्दीही उतरते.

तिकिटात दोन गोष्टी तपासायला सांगा. संग्रहालयाच्या तिकिटावर वार आणि वेळ छापलेली आहे ना? कारण काही कॉम्बोंमध्ये हातात येते ती फक्त पावती, खरं तिकीट नंतर कुठूनतरी बदलून घ्यावं लागतं, आणि ती धावपळ तुमच्या गुडघ्यांवर पडते. दुसरं, बोटीचं तिकीट उघडं आहे ना, म्हणजे कुठल्याही फेरीला चालणारं? बांधलेली वेळ असेल तर घेऊ नका. तुम्ही सिसलीसमोर रंगात आलेल्या असाल आणि हे घड्याळ दाखवत उभे राहतील. बाकी दोन्ही तिकिटं सुटी घेतली तर किती पडतं, ते बेरीज करून बघायला हरकत नाही. बऱ्याचदा कॉम्बोमध्ये वाचतं ते फार काही नसतं.

आत शिरल्यावर ह्यांना पहिली पाच मिनिटं छताकडे बघू द्या. ही इमारत मुळात रेल्वे स्टेशन आहे, १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं. हिच्यात लागलेलं लोखंड आयफेल टॉवरपेक्षा जास्त आहे, बारा हजार टन, फक्त बाहेरून दगड चढवून ते झाकलंय. पुढे गाड्या लांब झाल्या आणि फलाट आखूड पडले, म्हणून १९३९ नंतर लांब पल्ल्याच्या गाड्या इथून सुटेनाशा झाल्या. मग पाडायचं की ठेवायचं यावर बरीच वर्षं गेली आणि १९८६ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. तुम्ही उभ्या असता ती मधली लांबच लांब जागा म्हणजे जुने रूळ. चित्रं कळत नाहीत म्हणणारा माणूस अशा जागी बिचकत नाही, स्टेशनात कोण बिचकतं?

मग सरळ लिफ्टने पाचव्या मजल्यावर जा. खालपासून सुरुवात करून वर चढत जाणारे लोक वर पोचेपर्यंत दमतात, आणि मोने, सिसली, रन्वार हे सगळे वरच आहेत. त्या दालनात काचेचे बाक आहेत, आतून पाण्यासारख्या लाटा उठलेल्या वाटाव्यात असे. एका जपानी कलाकाराने केलेत. बिनधास्त बसा, बसण्यासाठीच आहेत. गुडघा फारच बोलायला लागला तर व्हीलचेअर मिळते, पैसे पडत नाहीत. ह्यांचा मान दुखावणार असेल तर तुम्ही मागून घ्या आणि त्यांना ढकलायला लावा. अर्ध्या तासाने आपोआप अदलाबदल होईल.

"त्यातलं कळत नाही" याबद्दल एकच सांगते. संग्रहालय आपलं आपण बघायचं असेल तर हातात एक धागा लागतो, नाहीतर माणूस प्रत्येक चित्राला हजेरी देत सुटतो. इथे हजारांनी वस्तू आहेत. तुमचा धागा पाणी. वाटेत जे पाण्याचं दिसेल तिथे थांबायचं, बाकीच्यांना लांबून रामराम. दोन तासांत सात-आठ चित्रं झाली तर पुष्कळ झालं.

सिसली झाला की मोनेकडे जा. तो १८७१ च्या अखेरीपासून सहा वर्षं आर्जांतयला राहिला. तेही सेनच्या काठी, पॅरिसच्या खाली. एका होडीवर छप्पर घालून त्याने तिचाच स्टुडिओ केला होता आणि पाण्यात बसून पाणी रंगवायचा. तिथल्या शिडाच्या होड्यांचं एक चित्र आहे. लांबून बघा, शिडं पाण्यात डोलतायत. मग दोन पावलं पुढे जा. पाण्याच्या जागी काय आहे? पांढऱ्या, निळ्या, नारिंगी रंगाच्या आडव्या पट्ट्या, भिंतीला हात मारताना रंगारी ओढतो तशा. पाणी कुठेच नाही. परत मागे या, आलं! हा खेळ तीनचार वेळा करा. तुमच्या वर्गातल्या पोरांनी हाच केला असता आणि त्यांना कोणी विचारलं नसतं, कळलं का म्हणून.

कायबोत नावाच्या चित्रकाराचंही एक शोधा. उंच हॅट घातलेला गृहस्थ होडी वल्हवतोय आणि आपण जणू त्याच्या समोरच्या फळीवर बसलोय, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. नदी सेन नाही, येर नावाची लहान नदी आहे. हे चित्र २०२३ मध्ये या संग्रहालयात आलं, ४ कोटी ३० लाख युरोला. कायबोत घरचा श्रीमंत, स्वतः होड्यांचे आराखडे काढून त्या बांधून घेणारा. मित्रांची चित्रं विकत घ्यायचा म्हणजे त्यांची चूल पेटायची. १८९४ मध्ये मरताना सगळा संग्रह त्याने सरकारला देऊन टाकला, तर सरकारने बराच खल करून त्यातली फक्त काही चित्रं घेतली. सरकारी खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला याचं नवल वाटू नये.

त्याचंच १८७५ सालचं दुसरं चित्र पाण्याचं नाही, पण ह्यांच्यासाठी बघा. तीन मजूर उघड्या अंगाने, गुडघ्यांवर बसून लाकडी जमीन तासतायत. भुसा नाही, लाकडाच्या वेटोळ्या सालपट्या पडल्यात, बाजूला बाटली आणि पेला. जमीन अर्धी तासलेली आणि अर्धी तशीच, उजेड खिडकीतून तिच्यावर घसरत येतो. त्या वर्षीच्या सरकारी प्रदर्शनाने हे नाकारलं. असले घामट मजूर कोणी दिवाणखान्यात टांगतं का? साइटवर उन्हात उभा राहिलेला माणूस या चित्रासमोर मुंबईसारखा कंटाळत नाही, हा माझा अनुभव आहे. माझ्या वडिलांसोबत घेतलेला.

व्हॅन गॉगचं एक आहे, १८८८ सालचं. रोन नदी, आर्ल गाव, रात्र. काठावरच्या गॅसच्या दिव्यांची पिवळी प्रतिबिंबं पाण्यात लांब ओढली गेलीत आणि वर सप्तर्षी. खरोखरचे सप्तर्षी, मोजून सात. तुम्ही पोरांना गच्चीवर दाखवत असाल तेच. वरच्या चित्रांत हे शेवटी ठेवा आणि डोळ्यांत घेऊन निघा, संध्याकाळी कामाला येईल.

निघायच्या आधी पाचव्या मजल्यावर जुनं स्टेशनचं घड्याळ आहे, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच, काचेचं. त्याच्या आरपार नदी आणि पलीकडे लूव्र दिसतं. फोटोसाठी रांग असते. लावा रांग, त्यात कमीपणा नाही.

खाली तळमजल्यावर मिलेची तीन बायकांची चौकट मात्र चुकवू नका. कापणी झालेल्या शेतात वाकून सरवा वेचतायत. चित्राच्या इंग्रजी-फ्रेंच नावांपेक्षा आपला हा शब्द जास्त नेमका आहे. एक वेचतेय, दुसरीचा हात जमिनीकडे चाललाय, तिसरी जेमतेम कंबर सरळ करतेय. मागे लांब मालकाच्या गंज्या रचल्या जातायत. १८५७ चं चित्र आहे. तुमच्या लहानपणी शाळू काढल्यावर हे दृश्य तुम्ही पाहिलं असेल, मी पाहिलंय.

वाटेत माने नावाच्या चित्रकाराची पलंगावर पहुडलेली विवस्त्र बाई लागेल. हे तिथून भराभर चालायला लागतील. लागू द्या. १८६५ साली पॅरिसकरांनीही तिच्यावरून मोठा गोंधळ घातला होता.

एक सूचना. चित्रं कधी दुसऱ्या शहरात प्रदर्शनाला गेलेली असतात, कधी दालन बदलतं. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येक चित्र सध्या कुठे आहे ते लिहिलेलं असतं. आदल्या रात्री मुलाला तेवढं बघून तुम्हाला दालनांचे आकडे पाठवायला सांगा आणि ते कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून घ्या. भाषा येत नसली तरी कर्मचाऱ्यापुढे कागद धरला की तो हात दाखवतो. मराठीत ऐकवणारं यंत्र मिळणार नाही, हे धरूनच चला. मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत, लहान पिशवी बरी. आणि बाहेर पडल्यावर ह्यांचं पाकीट मागच्या खिशात नको.

साडेसहाला बाहेर पडलात की लगेच बोटीकडे धावायचं नाही. हा मधला वेळच मला या दिवसातला सगळ्यात मोलाचा वाटतो. ओर्सेच्या समोरून खाली नदीकाठी उतरलं की आल्मा पुलापर्यंत दोनेक किलोमीटर काठ फक्त चालणाऱ्यांसाठी आहे. २०१३ पर्यंत तिथून मोटारी धावायच्या. बसायला जागा भरपूर. तिथे बसा आणि डबा उघडा. नेदरलँड्सहून निघताना सूनबाईंकडून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या, तक्रार करणार नाहीत त्या. शाकाहारी काही शोधत फिरायला नको आणि फ्रेंच मेनूकार्डाशी झटापटही नको. नदीकाठी बसून घरचं खाणाऱ्याकडे पॅरिसमध्ये कोणी वळूनही बघत नाही, सगळेच तसे बसलेले असतात.

बोटी तीन-चार ठिकाणांहून सुटतात. आयफेल टॉवरच्या पायथ्याशी, आल्मा पुलाजवळ आणि मध्यावर पाँ नफ या पुलाशी. पाँ नफ म्हणजे नवा पूल. १६०७ साली पुरा झालेला, आज शहरातला सगळ्यात जुना. पुण्याच्या नव्या पुलासारखीच गत! तिथल्या बोटीसाठी मात्र पुतळ्यामागच्या जिन्याने खाली उतरावं लागतं, म्हणून ह्यांच्या गुडघ्याला ती नको. आल्मा किंवा टॉवरकडची घ्या. चालवलं तर काठाकाठाने जा, नाहीतर ओर्सेच्याच खालून लोकल सुटते, तिचं तिसरं स्टेशन टॉवरचं. उन्हाळ्यात त्या मार्गावर दुरुस्तीची कामं निघतात, तेव्हा आधी विचारा. नाहीतर टॅक्सी करा आणि पैशाचा हिशेब मनात करू नका.

बोट सव्वाआठ-साडेआठच्या सुमाराची पकडा. जूनमध्ये तिथे सूर्य दहाच्या जरा आधी मावळतो. "रात्रीच्या दिव्यांतली बोट" अशी जाहिरात वाचून लोक आठला बसतात आणि लख्ख उन्हात फिरून येतात. दिवेच बघायचे असतील तर साडेदहानंतर बसावं लागेल, आणि तोवर तुम्ही दोघं पेंगायला लागाल. मला विचाराल तर तिरप्या उन्हातली बोट दिव्यांच्या बोटीपेक्षा सरस. दगडी इमारती मधासारख्या होतात. टॉवर अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं चमचमतो, तो हॉटेलच्या आसपास कुठून दिसला तर दुसऱ्या रात्री बघा. वर उघड्यावर बसणार असाल तर शाल हवीच. जून असला तरी पाण्यावरचा वारा बोचतो.

टॉवरकडून निघालेली बोट आधी प्रवाहाच्या उलट, पूर्वेला जाते. जाताना उजव्या बाजूला बसा, म्हणजे ओर्से समोरून सरकतं. आता ते बाहेरून दिसेल. ती दोन मोठी घड्याळं, ज्यातल्या एकाच्या मागे तुम्ही दोन तासांपूर्वी उभ्या होतात, आणि वर तीन दगडी बायका. त्या बायका म्हणजे गावं आहेत, बोर्दो, तुलूझ आणि नाँत, जिकडे इथून गाड्या सुटायच्या. पुढे नदीतल्या बेटाला आणि त्यावरच्या नोत्र दामला वळसा घालून बोट परत फिरते. लाउडस्पीकरवर कुठल्या राजाने कोणता पूल बांधला ते चालू राहील. अर्धं ऐका, अर्धं सोडा.

कारण ह्या तासाभरात बोलायचं ह्यांनी. त्यांना घालायला थोडा माल देऊन ठेवते.

सेनला पूर येतो तो बहुतेक हिवाळ्यात, आपल्यासारखा श्रावणात नाही. १९१० च्या जानेवारीत ऑस्टर्लिट्झ पुलाशी पाणी ८ मीटर ६२ सेंटीमीटरला गेलं, आणि तुम्ही बघून आलात त्या ओर्सेचे रूळ पाण्याखाली होते. सांगलीला आयर्विन पुलावर फूट मोजतात ना, ४० ला इशारा आणि ४५ ला धोका? तसा पॅरिसकरांचा मोजमापाचा दगड म्हणजे आल्मा पुलाच्या खांबाशी उभा असलेला एक दगडी शिपाई, झुआव्ह. पाणी त्याच्या पायाला लागलं, मांडीला लागलं, अशी भाषा तिथे आहे. १९१० ला त्याच्या खांद्यापर्यंत चढलं होतं. बोट त्याच्या जवळून जाते, बघून घ्या. २०१९ ला आयर्विनला ५७ फुटांच्या वर गेलेलं पाणी ह्यांनी पाहिलंय, तेव्हा शिपायाला बघून ते काय म्हणतील ते मला कळवा. (शून्य दोन्हीकडे वेगळ्या ठिकाणी आहे, तुलना करू नये, असं ते पहिल्यांदा म्हणतील.)

आणखी एक. पॅरिसमध्ये नदी इतकी शांत दिसते ती आपोआप नाही. शहराच्या खाली सुरेन इथे बंधारा आहे, तो पाणी एका पातळीला धरून ठेवतो. वर सेन आणि तिच्या उपनद्यांवर चार मोठे जलाशय आहेत, पूर अडवायला आणि उन्हाळ्यात पाणी सोडायला. सगळे मिळून ८० कोटी घनमीटरच्या वर. म्हणजे ह्यांच्या हिशेबात २८ टीएमसी. कोयना एकटी १०५! हा आकडा ऐकल्यावर त्यांचा चेहरा बघा, टॉवरकडे बघायचं राहिलं तरी चालेल.

पाऊस फार झाला की बोटी बंद ठेवतात, कारण पुलांखालून जायला उंची उरत नाही. जूनमध्ये असं सहसा होत नाही. पण २०१६ च्या जूनमध्ये पाणी ६ मीटरवर गेलं आणि लूव्र, ओर्से दोन्ही काही दिवस बंद ठेवून तळघरातल्या वस्तू वर हलवल्या होत्या. म्हणून बोटीचं तिकीट उघडं घ्यायला सांगतेय.

परत येताना बोट प्रवाहाबरोबर चालते. टॉवरशी तुम्ही उतराल, पाणी पुढे जाईल. मोनेच्या आर्जांतयवरून, मग पोर-मार्लीवरून, त्या दारूवाल्याच्या दारावरून. तेवढं ह्यांना दाखवून ठेवा, कोणत्या दिशेला ते.

आणि तो प्रश्न विचारायला विसरू नका. मी त्या चित्रासमोर दोनदा उभी राहिलेय, मला अजून ठरवता आलेलं नाही. पाटबंधारे खात्याचं मत हवंय. चढतंय की उतरतंय?